पहिली ओळ परत मिळाली: ‘वूलड्रिज’ पॅकेज वापरून

एम. ए.च्या वर्गाला मी अर्थमिती, म्हणजे आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र, शिकवते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेफ्री वूलड्रिज यांच्या या विषयावरच्या पाठ्यपुस्तकातली वेतनाची माहिती आमच्या विभागात वर्षानुवर्षं पेन ड्राइव्हवरूनच फिरत होती. फाइल कोणी आणली, कधी आणली, कोणालाच आठवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, पुस्तकात बायका २५२ आहेत, माझ्याकडे २५१च येतायत.” बायकांची सरासरी मात्र जुळत होती, ताशी ४.५९ डॉलर. छपाईची चूक असेल, असं म्हणून मी विषय संपवला. तिने संपवला नाही. संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये बसून तिने शोधून काढलं की मूळ फाइलीला कॉलमच्या नावांची ओळच नसणार. कोणीतरी ती उघडताना सॉफ्टवेअरने पहिली नोंदच नावं समजून घेतली, आणि पुढे कोणीतरी त्या जागी नावं टाइप करून फाइल सेव्ह केली. ५२६ नोंदींच्या झाल्या ५२५. गळालेली नोंद एका बाईची होती : ताशी ३.१० डॉलर, शिक्षण ११ वर्षं, अनुभव २ वर्षं. इतकी वर्षं मी तिला वगळूनच शिकवत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर आम्ही ‘आर’ या संख्याशास्त्राच्या मोफत सॉफ्टवेअरमधलं ‘वूलड्रिज’ हे पॅकेज, म्हणजे त्याला जोडायचा तयार संच, घेतलं. त्या पुस्तकातले शंभराहून अधिक डेटासेट त्यात आहेत, ते क्रॅनवर, म्हणजे ‘आर’च्या पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात, मोफत मिळतं आणि परवाना जीपीएल-३ हा मुक्त वापराचा आहे. म्हणजे मी ते लॅबच्या सगळ्या मशीनवर टाकलं, मुलांनी घरी नेलं, तरी कोणाला विचारायची गरज नाही. एकदा बसवलं की नेट लागत नाही. आमच्या लॅबचं नेट दुपारी बाराला जातं ते तीनला येतं, तेव्हा ही सोय किती मोठी आहे ते मला विचारा.

पण खरी दौलत आहे ती माहितीपत्रकांत. आमच्या त्या वेतनाच्या डेटासेटचं, ‘वेज१’चं, पान उघडलं की प्रत्येक कॉलमचा अर्थ दिसतो, आणि ही माहिती १९७६च्या अमेरिकी लोकसंख्या सर्वेक्षणातली आहे, हेही कळतं. पुस्तकातल्या कोणकोणत्या पानांवर ती वापरली, ते आकडेही तिथे आहेत. सगळ्यात मोलाची आहे ती खालची टीप. ब्रिटनमधल्या एका वाचकाने दाखवून दिलं होतं की काही कामगारांची सध्याच्या नोकरीतली वर्षं त्यांच्या एकूण अनुभवापेक्षा जास्त आहेत. वूलड्रिज ते मान्य करतात. अनुभव हा वय आणि शिक्षण यांवरून काढलेला अंदाज असल्यामुळे काही विसंगती येतात, सगळ्या त्यामुळे नसाव्यात, तरी माहिती मिळाली तशीच वापरतो, असं ते लिहितात. माहितीत खोट आहे हे माहितीच्या शेजारीच लिहिलेलं मुलांनी वाचावं, याहून चांगला धडा मला देता आला नसता. आमच्या फाइलीला असं शेजारचं पानच नव्हतं.

आता वर्गात सगळ्यांचे आकडे सारखे येतात. वेतनाचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन शिक्षणावर रिग्रेशन केलं, म्हणजे शिक्षणाबरोबर वेतन किती बदलतं ते मोजलं, की सहगुणक ०.०८३, म्हणजे शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की वेतन साधारण ८.३ टक्के जास्त. कोणाचा आकडा वेगळा आला तर फाइलीवर खापर फोडता येत नाही, आज्ञा तपासावी लागते. उरलेला तास मग पुरुषांची सरासरी ७.१० आणि बायकांची ४.५९ का, यावर भांडण्यात जातो. तो तसाच जायला हवा.

काही गोष्टी खटकतात. कॉलमची नावं इतकी तोडलेली आहेत की माहितीपत्रकाशिवाय नवखा मुलगा अडतोच. कालश्रेणीचे, म्हणजे काळानुसार ओळीने नोंदलेल्या आकड्यांचे, डेटासेट साध्या तक्त्यासारखे दिलेत. बहुतेकदा वर्षाचा कॉलम असतो, पण ‘आर’ला ती कालश्रेणी आहे हे आपणच सांगायचं. सोबतच्या सोडवलेल्या उदाहरणांत पुस्तकातली सगळी उदाहरणं नाहीत.

आणि माहिती अर्थात अमेरिकेची. आपल्या पीएलएफएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगारविषयक नियतकालिक सर्वेक्षणाची, एकेका व्यक्तीची नोंद २०१७-१८पासून मिळते, पण नुसत्या अंकांच्या लांबच लांब ओळी. कुठला अंक कुठून कुठवर, ते वेगळ्या फाइलीत बघत बसायचं. त्यातल्या महाराष्ट्राच्या नोंदींचं, प्रत्येक कॉलमला माहितीपत्रक असलेलं छोटं पॅकेज या वर्षी मुलांकडून करून घेते आहे. २५१वर अडलेली ती विद्यार्थिनी आता पीएच.डी. करते, शनिवारी लॅबमध्ये येऊन बसते. सध्या शिक्षणाच्या कॉलमांवर अडलोय: एकात पातळीचे क्रमांक आहेत, दुसऱ्यात औपचारिक शिक्षणाची वर्षं.