घाट की स्टेडियम? साताऱ्यात रोज पळायचं तर कुठं

आमच्या ऑफिसातल्या एका पोरानं यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय आणि गेले आठ दिवस डबा खाताना त्याचं एकच, दादा रोज यवतेश्वरचा घाट मारू का स्टेडियमवर राऊंड मारू. मी दोन्ही करून बसलोय, दोन पावसाळे नुसता घाट, नंतरची तीन वर्षं बहुतेक दिवस शाहू स्टेडियम आणि आठवड्यातून एकदा घाट, त्यामुळं तोंडी सांगता सांगता लांबलं ते इथं लिहून टाकतो, अजून कुणाला उपयोगी पडलं तर पडलं.

आधी एक गोष्ट. साताऱ्यात सपाट असं काही नसतंच. गावच अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बसलंय, राजवाड्यावरनं पोवई नाक्याला येताना सायकलला पायडल मारावा लागत नाही आणि परत जाताना तीच सायकल ढकलत न्यावी लागते. म्हणून सपाट म्हटलं की आपल्याकडं स्टेडियम, नाहीतर हायवेचा सर्व्हिस रोड, आणि सर्व्हिस रोडला पहाटे ट्रकवाले ज्या स्पीडनं येतात ते बघता मी तो सोडून दिला.

आता घाट. घाटाचं कौतुक सगळेच करतात, हवा, धुकं, वरनं दिसणारं गाव, फोटो लय भारी येतात. खरंय सगळं. चढावर पाय फार जोरात आपटत नाही त्यामुळं गुडघ्याला धक्का कमी, पण पोटऱ्या आणि टाचेमागची शीर मात्र चांगलीच ताणली जाते, पहिले पंधरा दिवस सकाळी पलंगावरनं उतरताना पहिली चार पावलं कळतात. दम वाढतो, मांडीत ताकद येते, आणि वर पोचल्यावर जे वाटतं ते स्टेडियमच्या पंचविसाव्या राऊंडला कधीच वाटत नाही हे मान्यच करायला पाहिजे.

पण घाटाचा खरा मुद्दा चढ नाहीच, उतार आहे. हिल हाफचा रूट बघा, पोलीस परेड ग्राउंडवरनं निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रोडला जायचं आणि आलो तसंच परत. म्हणजे २१ किलोमीटरातला पहिला अर्धा चढ आणि दुसरा अर्धा उतार, मोजून तसाच नसला तरी ढोबळ हाच हिशेब. लोक चढाला घाबरतात आणि मार खातात उताराला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याला बारीक बारीक इजा होते, आणि दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी येतं. मी घाट सोडून स्टेडियमवर आलो त्या वर्षी सुरुवातीचे काही महिने नुसता स्टेडियमवर पळून थेट एका रविवारी घाट चढलो, चढ बरा गेला म्हणून चेकाळलो, आणि येताना जे सुटलो ते पायथ्याच्या समर्थ मंदिरापर्यंत थांबलोच नाही, दोन पोरांना मागं टाकलं, त्याचा आनंद वेगळाच. मंगळवारी ऑफिसचा जिना उलटा उतरत होतो. खरंच उलटा, दोन्ही हातांनी रेलिंग धरून, पाठ खाली करून, आणि खालनं साहेब वर येत होते. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

यातली चांगली बाजू अशी की स्नायू हे पटकन शिकतो. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तेवढं दुखत नाही. म्हणजे रोज घाट लागत नाही, आठवड्यातनं एकदा नीट उतरलात तरी पुरतं. नीट म्हणजे पाऊल बारीक, शरीराच्या खाली पडेल असं, ढांग टाकून टाचेवर आपटत यायचं नाही.

मग रोज घाट मारला तर बिघडतं काय? बिघडतं हे की घाटात हलका दिवस नावाचा प्रकारच नसतो. लांब पळणाऱ्याचं आठवड्यातलं बहुतेक पळणं हलकं पाहिजे, इतकं हलकं की शेजारी पळणाऱ्याशी अख्खं वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे, काल रात्री जेवायला काय होतं, भरणीचं लोणचं संपलं का, असलं. यवतेश्वरच्या चढाला तुम्ही कितीही सावकाश पळा, दोन शब्दांच्या पुढं गाडी जात नाही. मधे चालायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण घाटात चालायला पुरुषमाणसाला का लाज वाटते कोण जाणे, मलाही वाटायची. रोजचा दिवस जड गेला की तीन आठवड्यांत पाय कुरकुरतात, झोप बिघडते, मग एक दिवस गजर बंद करून माणूस कूस बदलतो आणि तिथंच ट्रेनिंग संपतं. माझे पहिले दोन पावसाळे असेच संपले, रेसच्या आधीच.

स्टेडियम याच्या बरोबर उलट. बोअर, पण निमूट काम करून घेणारं. ४०० मीटरचा राऊंड, २५ राऊंड म्हणजे १० किलोमीटर, हिशेब तोंडपाठ. पाणी बाकड्यावर ठेवायचं, दुखायला लागलं तर थांबायचं, दोन मिनिटांत गाडीवर. घाटात वर गेल्यावर पिंढरी धरली तर त्याच पिंढरीवर खाली यायचं असतं, हा फरक छोटा वाटतो पण ज्याला एकदा झालंय त्याला विचारा. वेळही ठरलेला, साडेपाचला घर सोडलं की पावणेसातला आंघोळीला, पोरांची शाळा आणि आपलं ऑफिस दोन्ही जमतं. घाटाला त्याच्यापेक्षा बराच वेळ जातो, शिवाय वर गेल्यावर कुणीतरी भेटतंच आणि चहा होतोच.

त्रास म्हणाल तर सकाळी चालायला येणारे काका लोक, तिघं चौघं एका रेषेत, आतली लेन अडवून राजकारण. त्यांना बोलून उपयोग नाही, बाहेरच्या लेननं जावं. दुसरं म्हणजे सतत एकाच बाजूला वळण, डावीकडं डावीकडं, त्यानं एकाच गुडघ्यावर आणि कंबरेवर जास्त ताण येतो, म्हणून गर्दी नसेल त्या दिवशी मी थोडे राऊंड उलटे मारतो. आणि ट्रॅकवर पळून काय होतंय असं म्हणणाऱ्यांसाठी, आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल पळून आली, ती शर्यत ट्रॅकवरचीच.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण रेस पावसाच्या दिवसांतली म्हणजे तयारी सगळी जून ते ऑगस्ट. तेव्हा घाटात धुकं असं उतरतं की दहा पावलांवरची गाडी दिसत नाही, कडेला शेवाळ, मधूनच वरनं आलेले दगड. कासची फुलं सुरू झाली की शनिवार रविवार गाड्यांची जत्रा. भडक रंगाचा टीशर्ट, समोरनं येणारी गाडी दिसेल अशी बाजू, आंधळ्या वळणाला बाहेरनं, आणि कानात काही घालायचं नाही. स्टेडियमवर पावसात फक्त चिखल आणि भिजलेले शूज. शूजमधे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, तासाभरानं बदला, सकाळपर्यंत बरे होतात. आमच्याकडं त्यामुळं कालचा पेपर कुणाला वाचायला मिळत नाही.

पावसात घाम कळत नाही हेही आहे, पण जातोच. लांब पळून आलो की एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, झालं. बाकी खाणं, झोप, जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वरखाली करणं, हे कुठंही पळा, लागतंच.

तर माझं मत. रेस पळायची असेल तर चार दिवस पळा, तीन स्टेडियमवर आणि एक घाटात, त्या तीनातला एकच जोरात. घाटाचा शेवटचा मोठा उतार रेसच्या दहा-बारा दिवस आधी, नंतर मांड्यांना हात लावू नका. रेस नाही, नुसतं वजन उतरवायचंय, तर घाटच घ्या पण चालत, भरभर. गुडघा आधीपासनं दुखत असेल तर चढून जा आणि खाली कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून या, यात कमीपणा काही नाही. आणि घर समर्थ मंदिराकडंच असेल तर माझा सगळा हिशेब थोडा बदलतो, कारण स्टेडियमला गाडी काढून जायचा कंटाळा येणार आणि दारातला घाट रोज बोलावणार. अशा माणसानं घाटात जावं, पण आठवड्यातले दोन दिवस तरी पायथ्याला बूट बांधतानाच ठरवून टाकावं की आज चढ सगळा चालायचा.

पोरगं येत्या रविवारी येतो म्हणालंय, साडेपाचला समर्थ मंदिरापाशी. चढताना पुढं जा म्हटलंय त्याला, उतरताना मात्र माझ्या मागं राहायचं.