ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० मोटारसायकलचा ८ इंची पुढचा ब्रेक: काही महिने वापरल्यावर, एका चुकीच्या केबलसकट

आधी राग काढून घेतो. पुढच्या ब्रेकच्या केबलच्या तारा लिव्हरच्या निप्पलपाशी (केबलच्या टोकाच्या धातूच्या गोळीपाशी) एकेक करून तुटायला लागल्या, म्हणून नवी मागवली. इंजिन नंबर कळवला, गाडीच्या कागदांची प्रत पाठवली. विक्रेत्याने नंबराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कागदावर १९६८ दिसलं आणि १९६८ची केबल पाठवून दिली. ती या ब्रेकला कुठूनच लागत नाही. वर उत्तर काय, तर "केबल बरोबर आहे, तुमचा ब्रेक मूळचा नाही." परत घेतो म्हणाला, पण टपालखर्च आपला आणि वरून कपात. इंजिन नंबर मागून घेऊन तो न वाचणाऱ्याला कपात कसली द्यायची?

नंबर सुरू होतो पीसी या अक्षरांनी. ट्रायम्फच्या १९६९च्या हंगामात ही दोन अक्षरी पद्धत आली. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं मॉडेल वर्षाचं. महिने जानेवारीपासून असे: ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी, एक्स. वर्षांनाही याच मालेतली अक्षरं आहेत, फक्त सुरुवात सीपासून: सी १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३, आणि पुढे त्याच क्रमाने. म्हणजे सीडी हा मार्च १९७० आणि डीसी हा एप्रिल १९६९. अक्षरांची अदलाबदल झाली की वर्षच बदलतं, म्हणून नंबर फोनवर सांगू नका, फोटो पाठवा.

खरी मेख हंगामात आहे. मेरिडनच्या कारखान्यात नव्या वर्षाचं मॉडेल आदल्या ऑगस्टच्या सुमारास सुरू व्हायचं. त्यामुळे पीसी म्हणजे नोव्हेंबर १९६८मध्ये बांधलेली, पण १९६९च्या मॉडेलची गाडी. कागदावरचं १९६८ही खरं आणि ब्रेकही मूळचाच. शिवाय अक्षरं यायच्या आधी, डीयू ८५९०४पासून पुढचे जुन्या पद्धतीचे नंबर आहेत, तीही १९६९चीच मॉडेलं. "डीयू आहे म्हणजे १९६८ किंवा आधीची" हे म्हणणं तिथे फसतं. कागदावर कधी बांधणीचं वर्ष असतं, कधी विक्रीचं. पार्ट मागवताना दोन्ही बिनकामाची.

आता ब्रेककडे पाहून ब्रेकचं वर्ष कसं ओळखायचं. १९६७पर्यंतच्या ६५० सीसी गाड्यांना पुढे ८ इंची ड्रम होता, पण आत दोनपैकी एकच शू (ड्रमला आतून घासणारा चंद्रकोरी भाग) लीडिंग, म्हणजे चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर आणखी दाबला जाणारा, त्यामुळे बॅकप्लेटवर (ड्रम झाकणाऱ्या तबकडीवर) बाहेर एकच कॅम लिव्हर (शू फाकवणारा कॅम फिरवणारा). १९६८ला ट्विन लीडिंग (दोन्ही शू लीडिंग) आला: दोन लिव्हर, त्यांना जोडणारा दांडा, पुढे हवेचं तोंड आणि त्यावर जाळी. या एकाच वर्षी केबल मागच्या बाजूने मोठा वळसा घेऊन ब्रेकला येते. १९६९ला पुढच्या लिव्हरच्या जागी बेलक्रँक (ओढीची दिशा वळवणारा कोनातला लिव्हर) आली आणि केबल फोर्कला समांतर सरळ खाली उतरायला लागली. पन्नास फुटांवरून काढलेल्या फोटोतही हे कळतं. वळसा असेल तर १९६८, सरळ उतरत असेल तर १९६९ किंवा १९७०. १९७१ला ऑइल चेसिसच्या नळीत गेलं आणि हब शंकूच्या आकाराचा झाला. त्यात केबल दोन लिव्हरच्या मध्ये ताणलेली असते, आतली तार एकाला ओढते आणि बाहेरचं कव्हर दुसऱ्याला ढकलतं. १९७३च्या टी१४०ला (७५० सीसी बॉनव्हिल) १० इंची लॉकहीड डिस्क आली, १९७६ला मागेही डिस्क.

१९६९ आणि १९७०मधला फरक ब्रेकवरून कळत नाही, उगाच वेळ घालवू नका. इंजिन पाहा. १९७०ला क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) ब्रीदर, म्हणजे हवा सोडायची वाट, प्रायमरी चेनकेसमधून (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या कव्हरातून) निघायला लागला आणि इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगच्या पट्ट्या सुट्या, बोल्टने काढता येतील अशा झाल्या. टाकीवरचा चौकटीसारखा बिल्ला दोन्ही वर्षी सारखाच, आणि टाकी तर कोणीही कोणतीही चढवतो.

ब्रेकच्या वर्षावरून गाडीचं वर्ष ठरवायला जाऊ नका, उलटंही करू नका. हा ब्रेक चांगला म्हणून लोकांनी तो जुन्या सिंगल लीडिंगवाल्या गाड्यांना लावला. बीएसएच्या ए६५ व रॉकेट थ्री आणि ट्रायम्फ ट्रायडंट या गाड्यांवरही हाच ८ इंची ब्रेक होता, त्यामुळे सुटे भाग इकडचे तिकडे फिरलेले असतात. गाडीचं वर्ष नंबरावरून काढायचं: इंजिनाचा नंबर डाव्या क्रँककेसवर सिलिंडरच्या खाली, चेसिसचा हेडस्टॉकच्या (हँडल जिथे चेसिसला बसतं त्या नळीच्या) डाव्या अंगाला. दोन्ही सारखे हवेत. १९६९च्या सुमारास नंबराच्या पट्टीवर पार्श्वभूमीला बारीक ट्रायम्फ खुणा उठवायला सुरुवात झाली. त्यानंतरच्या गाडीवर ती पट्टी घासून गुळगुळीत केलेली दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. केबल, शू आणि लिंकचे भाग मात्र समोर जो ब्रेक बसलाय त्याच्या वर्षाप्रमाणे मागवा.

एवढं झाल्यावर योग्य केबल आली. आणि इथून माझी खरी तक्रार सुरू होते: केबलच्या मधोमध बसवलेला ब्रेक लाइटचा स्विच. लिव्हर दाबला की बाहेरच्या कव्हरवर दाब येतो आणि त्या दाबाने स्विच जुळतो. म्हणजे हाताचा पहिला जोर शूपर्यंत न जाता एक स्प्रिंग दाबण्यात जातो. दोन मिलिमीटर वाया गेले तरी या ब्रेकमध्ये ते लिव्हरवर लगेच जाणवतं, कारण शू आणि ड्रममधलं अंतरच कागदाएवढं आहे. पावसात स्विचमध्ये पाणी शिरलं की दिवा एक तर लागतच नाही, नाहीतर विझतच नाही आणि बॅटरी उतरते. नव्या बनावटीच्या केबलमधला स्विच तर पहिल्याच पावसाळी दिवशी गेला. उपाय स्वस्त आहे: स्विच नसलेली, त्याच लांबीची केबल घ्या आणि बेलक्रँकजवळ पातळ पत्र्याच्या पट्टीवर छोटा मायक्रोस्विच बसवा. हे मूळचं नाही, प्रदर्शनात गुण कापले जातील. कापू देत. जुनी केबल वायरसकट पिशवीत घालून नाव लिहून ठेवा, गाडी विकताना उपयोगी पडेल.

सुरुवातीच्या आठवड्यांत या ब्रेकला दहापैकी चार दिले असते. नवे लायनर (शूवरचं घर्षणाचं अस्तर) आणि दाबला की लाकडासारखा वाटणारा लिव्हर. लायनर बसत गेले तसं थोडं सुधारलं, पण फार नाही. दोष सापडला तो हँडलबारवरच्या बदली लिव्हरमध्ये. जुन्या इंग्रजी लिव्हरमध्ये पिव्हटपासून निप्पलपर्यंतचं अंतर दोन प्रकारचं मिळतं: ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिमी, आणि १ १/१६ इंच, म्हणजे सुमारे २७ मिमी. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. पण २७ मिमीवाल्यात हाताच्या तेवढ्याच जोराला केबलवर सुमारे १८ टक्के कमी ताण येतो. ट्विन लीडिंगला २२ मिमीचाच हवा. लिव्हर बदलला आणि दोन बोटांत गाडी थांबायला लागली. बॅकप्लेट उघडण्याआधी पट्टी घेऊन हे अंतर मोजा, फुकटचं काम आहे.

दुसरी नेहमीची गडबड जोडदांड्याची. दांड्याची लांबी चुकली की एक शू आधी टेकतो आणि दुसरा नुसता सोबतीला फिरतो. चाक काढल्यावर लगेच दिसतं: एका लायनरवर चकाकी, दुसऱ्यावर नव्यासारखा करडा खरबरीतपणा. दुरुस्तीसाठी चाक जमिनीवरून उचलून दांड्याच्या एका टोकाची पिन काढा आणि केबल पूर्ण सैल करा. दोन्ही कॅम हाताने फिरवून शू ड्रमला टेकवा. तसेच धरून दांड्याचा काटा इतकाच फिरवा की पिन जोर न लावता सरकेल. चेक नट आवळा, नवी स्प्लिट पिन घाला. मग ॲक्सलचा नट अर्धा सैल करून चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबा, लिव्हर दोरीने बांधा आणि त्याच अवस्थेत नट आवळा, म्हणजे बॅकप्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. शेवटी केबलचा ॲडजस्टर फिरवून निप्पलपाशी तीनेक मिमी ढील ठेवा. ही शेवटची पायरी आधी केली तर बाकी सगळं पुन्हा करावं लागतं.

ब्रेक पूर्ण दाबलेला असताना कॅम लिव्हर आणि जोडदांडा यांच्यातला कोन नव्वद अंशांच्या आसपास असावा. लायनर झिजले की लिव्हर त्यापुढे जातो आणि जोर पुन्हा कमी होतो. तेव्हा केबल ताणत राहू नका, लायनर बदला. नवे लायनर ड्रमच्या मापाने लेथवर गोल करून घ्या आणि पुढची कड तिरकी घासा, नाहीतर ब्रेक एकदम पकडतो. जुन्या शूवर ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

लिव्हरमध्ये ठोके जाणवले तर ड्रम लंबगोल झालेला असतो. ड्रम लेथवर लावायचा तो स्पोक पूर्ण ताणून, रिम सरळ केल्यावरच. सुटा हब गोल करून नंतर स्पोक ताणले की तो पुन्हा वाकडा होतो. लेथवाल्याला अख्खं चाक पकडणं जिवावर येतं, पण आग्रह धरा.

चढावर गाडी मागे सरकायला लागली तर या ब्रेकवर विसंबू नका. चाक उलटं फिरलं की दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणजे ड्रम त्यांना दूर ढकलतो, आणि पकड जवळजवळ जाते. त्यासाठी मागचा ७ इंची साधा ड्रम आहेच. पावसात जाळीतून पाणी शिरतं, पहिला दाब रिकामा जातो, दुसऱ्याला पकडतो. जाळी बंद करून पाहिली: पाणी थांबलं, पण लांबच्या उतारावर ड्रम तापून ब्रेक ढिला पडायला लागला. जाळी परत उघडली आहे.