३०० बाटल्यांचा एमओक्यू (कमीत कमी ऑर्डर) सांगितला आणि १,४९,१३६ रुपये घेतले

आकडा आधीच सांगते, कारण तो लपवून लपवून सहा महिने मीच कुढले. एक लाख एकोणपन्नास हजार एकशे छत्तीस रुपये. पतसंस्थेतली ठेव मोडून दिलेले.

मी मिरजेत घरी जास्वंद-माक्याचं तेल काढते, बचत गटाच्या प्रदर्शनांत विकते. गिऱ्हाइकं शाम्पू मागायला लागली, म्हणून २०२५ च्या सुरुवातीला वसईकडचा, आपल्या लेबलने माल बनवून देणारा एक कारखाना गाठला. बाकीचे सगळे हजाराच्या खाली ऑर्डर घेत नव्हते. हा माणूस म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी ३००." शाम्पू ६२ रुपये, तेल ५४, कंडिशनर ६८, प्रत्येकी ३०० नग. ५५,२०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६५,१३६. निम्मे, ३२,५६८, आगाऊ भरले.

मी अडाणी नाही. बारा वर्षं औषधाच्या दुकानाचे हिशोब ठेवलेत. दर तीन ठिकाणी विचारले, सॅम्पल पंधरा दिवस स्वतःच्या केसांना लावून बघितलं, कारखाना जाऊन पाहिला. एवढं केल्यावर आणखी काय करायला हवं होतं, असं मी घरच्यांनाही विचारते.

पण खरं उत्तर मला माहीत आहे, आणि तेच रात्री झोपू देत नाही. त्याने मला मिक्सिंगची टाकी दाखवली होती. ५०० लिटरची. मी मान डोलावली, फोटोसुद्धा काढला. माझे ३०० शाम्पू २०० मिलीचे, म्हणजे ६० लिटर. तेल तर ३० लिटर. ५०० लिटरच्या टाकीत ६० लिटर ओतलं तर ढवळायचं पातंही त्यात नीट बुडत नाही! माझ्यासाठी वेगळा माल तिथे बनणारच नव्हता. एकच सामाईक माल बनवायचा आणि ज्याचं लेबल त्याच्या बाटलीत भरायचा. हा गुणाकार मला जागेवर तोंडी करता आला असता. केला नाही. तुम्ही करा. टाकी केवढी आणि कमीत कमी किती भरावी लागते, हे दराच्या आधी विचारा.

आगाऊ पैसे गेल्यावर चौथ्या दिवशी फोन. "माल ३०० च, पण छापील बाटलीवाला २,००० च्या खाली देत नाही ताई. उरलेल्या आमच्या गोदामात राहतील, पुढच्या ऑर्डरला वापरू." बाटली ११ रुपये, लेबल ३ रुपये, तिन्ही मिळून ६,००० नग. ८४,०००. कच्च्या पावतीवर, आणि कारखान्याच्या नावाच्या नव्हे तर दुसऱ्याच खात्यावर. भरले. नाही भरले तर आधीचे ३२,५६८ बुडतील, ही भीती त्याने बरोबर हेरली होती. एमओक्यू एक नसतो: भरायच्या मालाचा वेगळा, बाटलीचा वेगळा, लेबलचा वेगळा. तिन्ही बाजूंचा आकडा एका कागदावर सहीशिक्क्यानिशी आल्याशिवाय रुपया सोडू नका. पहिल्या खेपेला साधी तयार बाटली घ्या, वर स्टिकर लावा. बाटलीचे पैसे थेट बाटलीवाल्याला द्या.

उरलेले ३२,५६८ घेऊन मगच त्याने माल सोडला. शाम्पू पाण्यासारखा, सॅम्पलशी काही संबंध नाही. कंडिशनर ३०० ऐवजी २६४. तिन्ही मालांवर एकच बॅच नंबर, म्हणजे जणू तिन्ही एकाच खेपेत बनलेले! लेबलवरचा परवाना क्रमांक आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या परवान्यावरचा क्रमांक वेगळा. फॉर्म कॉस-८ मधला मूळ परवाना कारखान्यातच मागून बघा. सॅम्पलची एक बाटली दोघांच्या सह्यांनी सील करून स्वतःकडे ठेवा. माझ्या ५,१३६ रिकाम्या बाटल्या परत मागितल्या, तर त्याने आधी गोदामाचं भाडं मागितलं आणि मग फोनच बंद केला.

पुढची फरफट तर त्याहून वाईट. पोलीस म्हणाले, माल आलाय ना, मग हा दिवाणी मामला. दुसऱ्या ठाण्यातले म्हणाले, कारखाना ज्या हद्दीत तिथे जा. तिथले म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथे जा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द न बघता तक्रार नोंदवून घ्यायची असते, हे मी त्यांना सांगायचं? ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकलं, "धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही." पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे, हे वकिलाने नंतर सांगितलं, ५०० रुपये घेऊन. लघुउद्योगांचं तक्रार पोर्टल उघडलं, तर ते माल विकून पैसे अडकलेल्यांसाठी. पैसे देऊन माल अडकलेल्या बाईसाठी तिथे रकानाच नाही. सौंदर्यप्रसाधनांचे परवाने देणाऱ्या कार्यालयात दोन बाटल्या घेऊन गेले. अर्जावर आवक शिक्का मारला. चार महिने झाले. परवाना क्रमांक खरा की खोटा, एवढं एका ओळीत सांगायला चार महिने लागतात?

एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर हाच शाम्पू सापडला. तोच रंग, तोच वास, नाव फक्त निराळं. त्या बाईंना टाकीबद्दल विचारलं तर त्या गप्पच झाल्या.

आता आम्ही दोघी मिळून नवा अर्ज लिहितोय. तुमच्या शाम्पू, तेल आणि कंडिशनरवर एकच बॅच नंबर असेल, तर पावत्या आणि बंद बाटल्या टाकू नका. तिसरी सही हवी आहे.