कमरेच्या ध्वनिवर्धकासोबत नऊ महिने

गेली 17 वर्षे मी भाषा शिकवते आणि रोज पाच तासिका सलग बोलते. मागील वर्षी आवाज बसला, तेव्हा दीड महिना गोळ्या चघळण्यात घालवून मगच मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. बसलेला आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर स्वरयंत्र तपासून घ्यावे, हे मला तेथे कळले. स्वरतंतूंच्या कडांवर समोरासमोर उठलेल्या दोन बारीक गाठी त्यांनी पडद्यावर दाखवल्या. बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आदळतात आणि ओरडताना हा आघात वाढतो, हे ऐकल्यावर त्या गाठींचे नवल वाटले नाही. शस्त्रक्रियेऐवजी वाचोपचार आणि वर्गात ध्वनिवर्धक, असा सल्ला मिळाला.

हे यंत्र म्हणजे कमरेला बांधायचा एक डबा आणि कानामागून वळून तोंडाशी येणारा माईक. पहिले दोन महिने त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, आणि दोष यंत्राचा नव्हता. गोंगाटात माणसाचा आवाज आपसूक चढतो. एतियेन लोंबार या फ्रेंच वैद्यांनी 1911 मध्ये हे नोंदवले, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. वर्गात गलका झाला की मी पूर्वीसारखीच ओरडत असे, फक्त आता माईकमध्ये. शेवटी शेवटच्या बाकावरील एका मुलीशी ठरवून घेतले की ऐकू आले नाही तर तिने हात वर करायचा, आणि तो हात वर जाईपर्यंत मी समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलावे तसे बोलायचे. हात फारच क्वचित वर गेला. म्हणजे इतकी वर्षे मी गरजेपेक्षा किती मोठ्याने बोलत होते!

माईक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे बाजूला ठेवावा. थेट समोर असला तर प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ला फुत्कार येतो. वही तपासायला वाकले की माईक डब्याजवळ जाऊन कर्कश शिट्टी वाजत असे, म्हणून डबा पाठीकडे सरकवला. (माईक बंद न करता वर्गाबाहेर सहकाऱ्यांशी बोलू नये, हेही एकदा कळले.)

तक्रारी आहेत. सहाव्या महिन्यात कानाजवळ तार तुटली. ‘स’ आणि ‘श’ मागे जवळजवळ सारखेच ऐकू जातात, त्यामुळे शुद्धलेखन घालताना मी माईक काढून मुलांमधून फिरते. शिवाय मैदानावरची हाक आणि सतत घसा खाकरण्याची सवय यांवर डब्याकडे उपाय नाही. त्यासाठी वाचोपचार तज्ज्ञांनी पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून ‘ऊ’ म्हणण्याचा व्यायाम दिला. पाण्यामुळे हवेला उलटा दाब मिळतो आणि स्वरतंतू कमी जोराने आपटतात. बुडबुड्यांचा हा खेळ पाहून घरातले हसतात, परंतु दिवसाअखेरची घशातली ओढ मला या व्यायामानेच सर्वाधिक कमी झालेली जाणवली.

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत गाठी निम्म्याहून लहान झालेल्या दिसल्या. तार बदलून घेतली आहे. अधूनमधून डबा घरी राहतो, आणि त्या दिवशी चौथ्या तासिकेला शेवटच्या बाकावरचा हात वर गेलेला असतो.