लॉग सर्व्हर घेताय? लायसन्स कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात स्वतंत्र लॉग सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवर कोण कधी काय करतं याच्या नोंदी (लॉग) साठवणारा संगणक, बसवायचा होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग देशातच जपून ठेवावे लागतात, आणि आमच्या मोठ्या ग्राहकाचा ऑडिटरही तेच मागत होता. शहरातल्या एका व्हेंडरने कोटेशन दिलं: नवा सर्व्हर, स्प्लंक या लॉग गोळा करून त्यात शोधाशोध करणाऱ्या सॉफ्टवेअरचं वर्षभराचं लायसन्स, बसवून देण्यासकट. बिल भागवलं.

सुरुवातीला काम चोख होतं. फायरवॉलचे लॉग येत होते, रात्री कुणी चुकीचे पासवर्ड मारत राहिलं की मला मेल यायचा. मग एके सकाळी सर्च बंद. व्हेंडरचा पोरगा आला, थोडी खुडबुड केली, "झालं साहेब" म्हणून निघून गेला. नंतर ब्राउझर उघडला तर लॉगिनचं पानच नाही, थेट आत! ऑफिसच्या नेटवर्कवरचा कुणीही येऊन सगळे लॉग चाळू शकत होता. अलर्टचे मेलही थांबले.

सेटिंग्जमधलं लायसन्सिंगचं पान उघडलं आणि डोकं सणकलं. तिथे 'फ्री' लिहिलं होतं. स्प्लंक डाउनलोड केलं की 60 दिवसांचं ट्रायल कुणालाही फुकट मिळतं, दिवसाला 500 एमबीपर्यंत. मुदत संपल्यावर फ्री लायसन्सवर जाता येतं. मर्यादा तीच, पण त्यात ना लॉगिन, ना अलर्ट. पोराने तेवढंच केलं होतं. या फुकटच्या मालाचे वर्षभराचे पैसे आमच्याकडून उकळले होते.

मग डिस्कही तपासल्या. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या टूलमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' (डिस्क चालू राहिल्याचे तास) तीस हजारांच्या पुढे, म्हणजे तीन वर्षांहून जास्त चाललेला माल 'नवा' म्हणून गळ्यात मारलेला. असल्या डिस्कवर सहा महिन्यांचे लॉग ठेवायचे आणि ऑडिटरपुढे उभं राहायचं! याचाच संताप जास्त आहे.

बिलावर फक्त 'सॉफ्टवेअर व सर्व्हिस' एवढंच. म्हणून सांगतो, लायसन्सची फाइल तुमच्या कंपनीच्या नावाने, रोजची मर्यादा आणि मुदत लिहिलेली, हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. डिस्कचे सिरियल नंबर बिलावर घ्या आणि चालू तास व्हेंडरसमोरच बघा.

व्यापारी कामासाठीची खरेदी असल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता आम्हाला मोकळा नाही, असं वकिलांचं म्हणणं पडलं. नोटीस धाडली आहे, स्क्रीनशॉट आणि कोटेशन जोडून. पिंपरी-चिंचवड, चाकण भागात कुणी नुकताच असा सर्व्हर बसवून घेतला असेल, तर लायसन्सिंगचं पान आजच उघडून बघा. तिथे ट्रायल दिसलं, तर मुदत संपायच्या आत व्हेंडरला लेखी जाब विचारा.