पडवीच्या खांबाला रबर बँड: आठ महिन्यांचा अनुभव

वेंगुर्ल्यात आमच्या पडवीला लाकडी खांब आहेत. गेल्या ऑक्टोबरपासून त्यातल्या एकाला मी रोज व्यायामाचा 41 इंची रबर बँड अडकवतो.

घेतला पाठीसाठी. तीन वर्षं जिम करूनही लॅट पुलडाउन (वरची दांडी खाली ओढणं) असो की डंबेल रो (वाकून डंबेल वर ओढणं), दुसऱ्याच सेटला फोरआर्म, म्हणजे कोपराखालचे हात, भरून यायचे, बायसेप्स जळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाठीला काही केल्याचा पत्ताच नसायचा. 24 किलोच्या डंबेलपर्यंत गेलो तोही हातांच्याच जोरावर.

लॅट हा पाठीचा स्नायू कमरेपासून, मणक्यापासून वर येऊन दंडाच्या हाडाला लागतो. कोपराच्या खाली तो जातच नाही. दंड खाली आणि मागे आणणं त्याचं काम, कोपर वाकवणं बायसेप्सचं. बँड डोक्याच्या वर अडकवून, दोन पावलं मागे सरून, सरळ हातांनी मांडीपर्यंत ओढला की कोपर वाकतच नाही, मग बायसेप्स मध्ये घुसणार कुठून? शिवाय बँड ताणेल तसा जड होतो, त्यामुळे सुरुवातीला झटका द्यावा लागत नाही.

तरीही पहिला आठवडा कोरडाच गेला. मग एका संध्याकाळी बायकोने काखेखाली दोन बोटं टेकवली आणि म्हणाली, "इथे काहीच हलत नाहीये. खांदे बघा कुठे गेलेत, कानाला लागलेत." खांदे खाली सोडले, पुन्हा ओढलं, आणि तिच्या बोटांखाली तो भाग ओल्या सुंभासारखा ताठ झाला. ती जागा मला तेव्हा पहिल्यांदा सापडली.

आता जिमला जाण्याआधी बँडवर 15-15चे दोन सेट. डंबेल 14 किलोवर आणला, खाली सोडताना मनात तीन आकडे. जिममधली पोरं बघायची, मनाला लागायचं. फेब्रुवारीत परत 24 वर आलो, आणि या वेळी दुखली ती पाठ! मात्र जड सेटला मी स्नायूचा विचार करत नाही. बेंच प्रेसवरच्या (आडवं पडून दांडी छातीवरून वर ढकलण्याच्या) 2016च्या एका अभ्यासात, एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 60 टक्क्यांपर्यंत छातीवर लक्ष दिल्याने तिचं काम वाढलं, 80 टक्क्यांना वाढलं नाही. पाठीच्या बाबतीत मलाही तसंच जाणवलं.

पहिला बँड चार महिन्यांत गेला. अंघोळीनंतर हाताला खोबरेल, त्यात पडवीत येणारं ऊन. रबराला दोन्ही वर्ज्य. आधी चिकट झाला, मग बारीक चिरा पडल्या, आणि एका सकाळी तुटून मनगटावर वळ उठला. विकणाऱ्याने बदलून दिला नाही, याचा राग अजून आहे. आता हात धुऊन घेतो, बँड पुसून टाल्कम पावडर लावतो आणि कापडी पिशवीत घालून आत ठेवतो. ओढण्याआधी ताणून चिरा बघतो, तुम्हीही बघा. पावसाळ्यात घामाने पकड सुटते, तेव्हा पंचा गुंडाळून धरतो.

पायांसाठीही वापरून पाहिला, फरक जाणवला नाही. ओढण्याच्या व्यायामात ज्यांचे हात पाठीआधी थकतात, त्यांनी जरूर घ्यावा. फक्त 13 मिलिमीटर रुंदीचाच घ्या. मी हौसेने जास्त जड, 32चा आणला, आणि पहिल्याच रेपला, म्हणजे पहिल्याच ओढीला, खांदे परत कानाशी.