‘५ प्लाय, १५० जीएसएम’ एवढंच लिहून खोकी मागवू नका

“५ प्लाय, १५० जीएसएम, २० बीएफ.” पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ऑर्डरवर बहुतेक जण एवढंच लिहितात, आणि फसवायला लागणारी सगळी मोकळीक याच ओळीत असते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागद दाबाखाली फुटायला किती चिवट आहे त्याचा आकडा. पाच प्लाय म्हणजे पाच कागद: बाहेरचा, मधला आणि आतला असे तीन सपाट लायनर, आणि त्यांच्या मधे दोन नागमोडी फ्लूट. १५० जीएसएम यातल्या कोणत्या कागदाचा, ते लिहिलेलंच नसतं. पुरवठादार तो आकडा वरच्या लायनरला लावतो आणि उरलेले चार कागद १२० जीएसएम, १६ बीएफचे घालतो. थप्पीतली खालची रांग बसली की उत्तर तयार असतं: “१५० चाच कागद आहे, वरचा मोजून बघा.” वरचा मोजला तर खरंच १५० भरतो!

यात किती कागद मारला जातो ते पाहा. फ्लूट नागमोडी असल्यामुळे तिला कागद जास्त लागतो: बी फ्लूटला (बारीक नागमोड) सपाट लांबीच्या साधारण १.३५ पट, सी फ्लूटला (मोठी नागमोड) १.४५ पट. पाचही कागद १५० चे असतील तर पुठ्ठ्याचं वजन चौरस मीटरला ८७० ग्रॅम भरतं. वरच्या प्रकारात ते ७२६ वर येतं, म्हणजे सहावा हिस्सा कागद गेला. ताकद त्याहून जास्त जाते. बीएफला जीएसएमने गुणून हजाराने भागलं की त्या कागदाची बर्स्टिंग स्ट्रेंथ, म्हणजे तो किती दाबाला फुटतो, ते मिळतं. १५० जीएसएम, २० बीएफला ती चौरस सेंटिमीटरला ३ किलो. लायनरची पूर्ण आणि फ्लूटची निम्मी धरायचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १२ किलो यायला हवेत, हातात पडतात पावणेनऊच्या आसपास.

नुसतं खोकं वजनकाट्यावर ठेवून हे पकडता येईलच असं नाही. जास्त खळ आणि दमट कागद वजनातली तूट बरीच भरून काढतात, आणि दमट खोकं थप्पीत उलट लवकर बसतं. म्हणून पुठ्ठा भिजवून सोडवायचा. बंडलच्या मधलं खोकं घ्या, वरचं नको. नागमोडीला आडवा, बरोबर २० सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापा आणि खळ सुटेपर्यंत कोमट पाण्यात ठेवा. ओढून सोलू नका, कागदाचे तंतू निघून येतात आणि वजन चुकतं. पाच कागद वेगळे झाले की सपाट पसरून पूर्ण वाळवा. प्रत्येकातून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापून ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम. १.५ ग्रॅम आले तर १५०, १.२ आले तर १२०. चौकोन कापण्याआधी फ्लूटची पट्टी सरळ करून मोजायला विसरू नका. बी फ्लूट २७ सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवी, सी फ्लूट २९ च्या. दोन्ही २५ च भरल्या तर नागमोड उथळ आहे: कागद वाचला आणि पुठ्ठ्याची जाडी गेली.

बीएफ मात्र हाताने कळत नाही, त्याला बर्स्टिंग टेस्टरच लागतो. सोनेरी रंगावर विसंबू नका, तो बऱ्याचदा नुसता डाय असतो. टेस्टचा कागद दाखवला तर तो तुमच्याच लॉटचा आहे का, हे आधी विचारा. शिवाय बर्स्टिंग मुख्यतः लायनरवर अवलंबून असते. थप्पीचा भार उभ्या कडा झेलतात, आणि त्यात फ्लूटचा वाटा मोठा असतो. त्यामुळे फ्लूट हलकी घातलेलं खोकं बर्स्टिंगमध्ये पास होऊनही गोदामात चेपतं. रचून ठेवायचा माल असेल तर एज क्रश (पुठ्ठ्याची उभी कड किती भार झेलते) आणि बॉक्स कम्प्रेशन (अख्खं खोकं किती भाराला चेपतं), दोन्ही आकडे मागा. फ्लूट खोक्यात उभी हवी, हेही लिहा. शीट वाचवायला ती आडवी फिरवली तर चांगला कागदही भार घेत नाही.

मापाचंही तसंच. ‘आतलं माप’ असं लिहिलं नाही तर बाहेरचं धरलं जातं. ७ मिलिमीटर जाडीच्या पाच प्लायमध्ये लांबी-रुंदीत सुमारे १४ मिलिमीटर कमी पडतात. उंचीत वर-खाली फ्लॅप दुहेरी बसतात, म्हणून तिथे सुमारे २८.

ऑर्डर बाहेरून आत अशी कागदागणिक, आधी जीएसएम मग बीएफ, लिहा: ‘१५०/२०, १५०/२०, १५०/२०, १५०/२०, १५०/२०, बी-सी फ्लूट, आतलं माप’. मंजूर नमुन्यावर दोघांच्या सह्या घ्या, त्यातला एक तुकडा पिशवीत बंद करून स्वतःकडे ठेवा, आणि पुढचा प्रत्येक लॉट त्याच्याशी ताडून मगच उतरवून घ्या.